भामरागडचे गुरुजी : नोकरीची वाट आणि अनुभवांची शिदोरी

जुन्या चांदा जिल्ह्याचे नाव निघाले की आपल्या समाजातील वाचकांच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभे राहते ते भद्रावतीचे केशरिया पार्श्वनाथांचे तीर्थ. देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू तेथे येतात, दर्शन घेतात आणि आल्या वाटेने परततात. परंतु त्याच जुन्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आलापल्लीचे सागवानी अरण्य ओलांडून आणखी पुढे गेल्यावर, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड नावाचे गाव वसलेले आहे, तेथवर जाणारे फार थोडे. नदीपलीकडे छत्तीसगडचा मुलूख लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि भामरागड त्या नव्या जिल्ह्यात गेले. अंतर मात्र जेवढे होते तेवढेच राहिले.

या अंतरावर मात करून जे काही थोडे सरकारी नोकर अगदी आतल्या पाड्यापर्यंत पोहोचले त्यांत प्राथमिक शाळेचा शिक्षक हा अग्रगण्य होय. तलाठी वर्षातून काही वेळा येतो, वनरक्षक फिरतीवर असतो; गुरुजींनी मात्र तेथे राहावे अशी अपेक्षा असते. हा गुरुजी कोठून आला, त्याला ही नोकरी कशी मिळाली, आणि तेथे गेल्यावर शिकवायचे कसे हे त्याला कोणी सांगितले, याचा इतिहास सलग असा कोठे लिहिलेला आढळत नाही. म्हणून त्यातील ठळक टप्पे येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी मुलखात शिक्षकाला शिकविण्याची सोय प्रथम झाली ती मुंबईत. १८४५ साली तेथे ‘नॉर्मल स्कूल’ निघाले आणि त्याची धुरा आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ‘नॉर्मल’ हा शब्द मात्र पुढे विदर्भात इतका रुळला की ‘नॉर्मल पास’ असणे ही मास्तरकीच्या उमेदवाराची मोठी पुंजी समजली जाऊ लागली. पुण्याकडे शाळामास्तरांसाठी स्वतंत्र मासिकही निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ‘शालापत्रका’चे संपादन केले. आज राज्याच्या शिक्षण खात्याचे ‘जीवन शिक्षण’ हे मासिक आपली परंपरा १८६१ पर्यंत मागे नेते, ती याच वाटेने. खेड्यातील एकाकी मास्तराला दुसऱ्या खेड्यातील मास्तराचा विचार कळावा, हा या मासिकांचा मोठा उपयोग. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांची रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा देऊन पुढील वर्षाच्या पहिल्याच दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. बदलीचे दुःख मास्तरांच्या पेशात किती जुने आहे हे त्यावरून ध्यानात यावे.

चांदा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. तेथे शिक्षकाच्या नोकरीचा एक विलक्षण प्रयोग १९३८ साली झाला. पंडित रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर योजना’ आखली. गावातील दानशूराने जमीन द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा चालवायची आणि गुरुजींचा पगारही त्यातूनच भागवायचा, अशी ती योजना. वेतन दरमहा पंधरा रुपये. आणि उमेदवाराने दीर्घकाळ सेवेची प्रतिज्ञा करायची. एवढ्या अल्प वेतनावर कोण येणार, अशी शंका कोणालाही वाटावी. प्रत्यक्षात सुमारे पाच हजार तरुणांनी अर्ज केले, आणि त्यांतून दीडशेहून थोड्या अधिक जणांची निवड होऊन वर्ध्यास त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. महात्मा गांधींनी या प्रशिक्षणार्थींपुढे भाषण केले. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर एका जागेमागे तीस उमेदवार! सुशिक्षित बेकारी ही आजची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. योजनेच्या नावातील ‘मंदिर’ या शब्दावरून वाद पेटला, १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. अहेरी, सिरोंचा, भामरागड या अरण्यभागात तिचा लाभ पोहोचण्याइतका अवधी तिला मिळाला नाही.

याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाचे नाव आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे खेडोपाडी शाळा उघडायच्या तर मास्तर कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. शहरातील पदवीधर खेड्यात टिकत नाही हे भाऊरावांनी ओळखले होते. त्यांनी १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले आणि त्याच भागातील शेतकऱ्यांची, बलुतेदारांची मुले शिकवून त्यांनाच मास्तर केले. गावात इमारत नसेल तर देवळात, चावडीत शाळा भरवायची. ज्या मातीत शाळा, त्याच मातीतला मास्तर हे सूत्र भामरागडच्या कथेत पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात जनपद सभा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. शिक्षकांची नेमणूक आणि बदली जिल्हा परिषदेच्या हाती आली. चांदा जिल्हा तर अवाढव्य! वरोरा-ब्रह्मपुरीच्या धानाच्या व ज्वारीच्या पट्ट्यापासून थेट सिरोंचाच्या गोदाकाठापर्यंत एकच जिल्हा परिषद. साहजिकच उत्तरेकडील सुखवस्तू तालुक्यांतील मास्तराला दक्षिणेकडे धाडणे ही शिक्षा, आणि दक्षिणेकडून उत्तरेला आणणे ही मेहेरबानी, असा समज रूढ झाला. भामरागडला ‘काळे पाणी’ म्हणण्याची रीत तेव्हापासूनची. पावसाळ्यात पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहू लागले की गावाचा जगाशी संबंध तुटे, आणि हे वर्षानुवर्षे चालले. शिवाय हिवताप. रुजू होऊन रजेवर जाणारे, रजेवरून बदलीच्या खटपटीला लागणारे शिक्षक तेथे अनेक झाले. आणि त्यांना सर्वस्वी दोष देणेही न्यायाचे होणार नाही. घरदार सोडून आलेल्या तरुणाला मुलांशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, ही अडचण तापापेक्षाही मोठी होती.

ती अडचण भाषेची. भामरागडचे मूळ रहिवासी माडिया गोंड. त्यांची माडिया ही गोंडीचीच एक बोली असून गोंडी ही द्राविड कुळातील भाषा होय. म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला ती जवळची. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात, गावाला ‘नार’ म्हणतात. मराठी क्रमिक पुस्तकातला पहिला धडा कितीही सोपा असला तरी सहा वर्षांच्या माडिया बालकास तो परकीच भाषा. मास्तर मराठीत बोलणार, मूल माडियात विचार करणार, आणि दोघेही एकमेकांकडे पाहत बसणार! मूल गप्प राहते म्हणून ते मंद आहे असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि तो पुष्कळांनी काढला.

या परिस्थितीत २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडपासून जवळच हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे येऊन राहिले. दवाखान्याची कथा सर्वश्रुत आहे. २००८ साली या दाम्पत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा ती घरोघरी पोहोचली. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे ते १९७६. त्या वर्षी हेमलकशास निवासी आश्रमशाळा सुरू झाली. आदिवासी रुग्ण दवाखान्यात येऊ लागले होते खरे, परंतु सावकार, व्यापारी, ठेकेदार यांच्याकडून त्यांची जी नाडवणूक होत होती तिच्यावर औषध नव्हते. मोजमाप कळत नाही, आकडा वाचता येत नाही, म्हणून माणूस लुबाडला जातो. आपला समाज बहुतांशी व्यापारी. मिठाच्या बदल्यात मोलाचा वनोपज देऊन जाणारा माणूस म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी, आणि तराजूच्या कोणत्या बाजूला कोण उभे होते हेही आठवावे.

शाळा निघाली, पण मुले कोठे होती? मूल म्हणजे घरातले एक कामाचे माणूस. गुरे राखावयाची, धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे, मोहाची फुले वेचावयाची. शाळा कशासाठी हेच आईबापांना उमगत नव्हते. कार्यकर्त्यांनी रान तुडवत गावोगाव फिरून मुले गोळा केली. आणलेली मुले घरच्या ओढीने पळून जात, आणि त्यांना परत आणावयास पुन्हा पायपीट. वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. गोपाळ फडणीस यांच्यासारखे कार्यकर्ते या शाळेचे शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांत ज्याचे उत्तर नव्हते असा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी तो सरळ उलटा फिरविला. मुलाला मराठी येत नाही, तर शिक्षकाने माडिया शिकावी. मुले हेच शिक्षकांचे गुरू झाले. डॉ. आमटे दाम्पत्याने स्वतःची मुलेही याच शाळेत, माडिया मुलांच्या बरोबरीने बसविली. शहरातल्या चांगल्या शाळेत पाठविणे त्यांना अशक्य होते असे नाही. ज्या मालाची आपण शिफारस करतो तोच आपल्या घरात वापरणे ही सचोटीची जुनी कसोटी आहे. हेमलकशाच्या शाळेने ती उत्तीर्ण केली.

फळ यावयास काळ लागला. पण याच शाळेत शिकलेला एक माडिया तरुण डॉक्टर झाला, इतर कोणी शिक्षक झाले, कोणी सरकारी नोकरीत गेले. शाळा वाढत वाढत बारावीपर्यंत पोहोचली. पुढील पिढीत समीक्षा आमटे यांनी लहान मुलांसाठी माडिया बोलीतून शिक्षण साहित्य तयार करण्याचे काम हाती घेतले. माडियातून आरंभ करून हळूहळू मराठीकडे न्यावे, हा त्यामागील विचार.

हाच विचार जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना शिकविताना केला होता. छापील पुस्तकातले परके शब्द बाजूला ठेवून ती प्रत्येक मुलाला विचारी, तुला कोणता शब्द हवा? मूल जो शब्द सांगेल तोच त्याचा पहिला धडा. १९६३ साली तिने आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे वारली मुलांसाठी अंगणातच बालवाडी भरविली, ती तर त्याही आधी. ताराबाईंची ‘शिक्षण पत्रिका’ पालकांप्रमाणे शिक्षकांनाही वाट दाखवीत असे. एकमेकांची तोंडे न पाहिलेली ही माणसे एकाच निष्कर्षाला आली, याचे कारण त्यांनी मुलांकडे नीट पाहिले, एवढेच म्हणता येईल.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील एकट्यादुकट्या गुरुजींना मात्र अशा संस्थेचा आधार नव्हता. त्यांना आधार मिळाला तो परस्परांचा. १९९४ साली शासनाने जवळपासच्या शाळांचे गट करून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था निर्माण केली; राज्यभरात अशी ४,८६० केंद्रे झाली. महिन्यातून एकदा केंद्रातील सारे शिक्षक एकत्र येत. कागदोपत्री त्याला ‘केंद्र संमेलन’ म्हणत. पुढे ‘शिक्षण परिषद’ हे नाव आले. मैदानी भागात अशा संमेलनांत परिपत्रके वाचणे आणि तक्ते भरणे यातच पुष्कळदा दिवस सरे. परंतु अरण्यभागात, जेथे एक वा दोन शिक्षकांच्या शाळेत आठवडेच्या आठवडे स्वभाषेत बोलणारा दुसरा माणूस भेटत नसे, तेथे या दिवसाचे मोल निराळे होते. पगाराची चौकशी, घरची खुशाली, बदलीची बातमी आणि त्याबरोबरच वर्गात काय जमले व काय फसले, हे सारे एकाच बैठकीत होई.

या देवघेवीतून जे शहाणपण साठले ते कोणत्याही डी.एड. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हते. नव्याने आलेल्या गुरुजीला जुना गुरुजी सांगे, की पहिल्या दिवशी फळ्याकडे वळू नका. आधी पोरांबरोबर नदीवर जा, झाडांची नावे त्यांना विचारा आणि वहीत लिहून घ्या. ती वही हाच तुमचा शब्दकोश. चार इयत्ता आणि शिक्षक एक, अशी स्थिती असेल तर चौथीच्या मुलाला पहिलीच्या मुलाशेजारी बसवा. मोठ्या मुलाला दोन्ही भाषा येतात, तो तुमचा दुभाष्या. मूल उत्तर देत नसेल तर पुन्हा मराठीत मोठ्याने विचारू नका, ते बहिरे नाही. मोहफुलांचा हंगाम आला की हजेरी घटणार हे गृहीत धरा, त्याबद्दल मारझोड करू नका, आणि जमल्यास सकाळी फुले वेचून झाल्यावर शाळा भरवा. मच्छरदाणी शिवाय निजू नका, हा सल्ला तर सर्वांत आधी.

गणिताची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. पुस्तकातले आंबे, पेढे आणि रेल्वेची तिकिटे पाड्यावरच्या मुलाला काय कळणार? पण तेंदूपानांचा हिशेब त्याच्या घरात दर उन्हाळ्यात होतो. महाराष्ट्रात सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असे माप आहे. आईने आज दीडशे पुडकी बांधली तर पाने किती झाली? फडीवर पुडकी मोजताना मुनशीने पाच कमी धरली, तर दहा दिवसांत किती बुडाली? हा गुणाकार आणि ही वजाबाकी मुलाला समजते, कारण तिच्यात त्याच्या घरचे पैसे आहेत. ज्याला मालाची मोजणी कळते त्याला फसविणे कठीण, हे आपल्या धंद्यातील मुलांना दुकानाच्या गादीवर बसूनच कळते. त्या मुलांना ते शाळेत कळावे लागले.

आता नोकरीच्या शोधाकडे वळू. २००० साली शासनाने ‘शिक्षणसेवक’ योजना आणली. डी.एड. होऊन निवड झालेल्या उमेदवाराने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावयाचे आणि नंतर त्याला नियमित वेतनश्रेणी मिळावयाची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दशकभर दरमहा ६,००० रुपयांवर थबकलेले होते; ते २०२३ साली १६,००० झाले. सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे. बाजारपेठेतील दुकानात कापडाचे ठाण उलगडणाऱ्या नवख्या गुमास्त्यालाही त्या काळात याहून फार कमी मिळत नव्हते, आणि त्याला घरापासून शेकडो कोस दूर जावे लागत नव्हते. याच सुमारास जेथे शाळाच नाही अशा वाड्यापाड्यांवर ‘वस्तीशाळा’ निघाल्या व स्थानिक तरुणांना अत्यल्प मानधनावर शिकविण्यास नेमले गेले. या निमशिक्षकांना नियमित सेवेत सामावून घेण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

नोकरीची अशी दुर्मिळता की २०१० साली प्राथमिक शिक्षक भरतीसाठी राज्यस्तरीय सामायिक परीक्षा झाली. त्यानंतर २०१२ पासून भरतीच थांबली. पहिली शिक्षक पात्रता परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पात्र ठरलेले पुष्कळ आणि जागा नाहीत. २०१७ च्या अखेरीस अभियोग्यता चाचणी आली आणि पाठोपाठ ‘पवित्र’ या नावाची संगणकीय भरती व्यवस्था. या दीर्घ प्रतीक्षेत डी.एड., बी.एड. झालेल्या कित्येकांची उमेद सरली. कोणी खाजगी शिकवणी घेतली, कोणी शेती पाहिली, कोणी वयोमर्यादा ओलांडली. शहरांतील ग्रंथालयांच्या अभ्यासिकांत हे तरुण एकमेकांना जुन्या प्रश्नपत्रिका देत, कोणत्या जिल्ह्यात किती जागा निघण्याचा संभव आहे याची खबर पोहोचवीत. गरज तेथे लबाडीही शिरते. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत गैरव्यवहार झाल्याचे पुढे उघड झाले आणि सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करून काठावर राहिलेल्यांचे काय, याची मोजदाद कोणी केली नाही. २०२३ ची अभियोग्यता चाचणी झाल्यावर २०२४ च्या आरंभी अकरा हजारांहून अधिक उमेदवारांची शिफारस झाली.

एकीकडे शहरातल्या अभ्यासिका उमेदवारांनी भरलेल्या आणि दुसरीकडे भामरागड, एटापल्लीच्या पाड्यांवर शिक्षकांच्या जागा रिकाम्या, ही विसंगती सहज सुटणारी नाही. शासनाने ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. पैशाचा आकर्षक लाभ दिला की माणूस येतो. टिकतोच असे नाही. पुढे २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी क्षेत्रे ठरली, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेला शिक्षक बदलीस हक्काने पात्र झाला. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर हा न्यायच आहे. अन्यथा कोणा एकाचा जन्म रानात जावा आणि ज्याची वर ओळख आहे त्याने तालुक्याच्या गावी निवृत्त व्हावे, हे पूर्वी घडतच होते. पण मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. परकी बोली कानावर पडून तोंडी बसावयास दोन-तीन वर्षे सहज जातात. गुरुजी मुलांशी माडियात बोलू लागतो न लागतो तोच त्याच्या हाती बदलीचा आदेश पडतो, आणि मूल पुन्हा नव्या गुरुजीपुढे गप्प बसते. नियम करणाऱ्यांनी दोन्ही पारडी तोलली होती काय, असा प्रश्न पडतो.

स्थानिक तरुणांनाच शिक्षक नेमावे, हा उपाय स्वाभाविक. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकादी काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची तरतूद झाली. परंतु आंध्र प्रदेशात अशाच भागातील शिक्षकपदांवर शंभर टक्के आरक्षण ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी घटनाबाह्य ठरविला, आणि आपल्याकडील भरतीही न्यायालयीन वादात अडकली. २०२४ साली निवड झालेल्या उमेदवारांना अंतिम निकालाच्या अधीन राहून तात्पुरत्या मानधनावर घेण्याचा निर्णय झाला. दरम्यान, रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर बोलाविण्याची व्यवस्था २०२३ मध्ये करण्यात आली होती. ऐन उमेदीतला तरुण घरी बसलेला आणि निवृत्त गुरुजी पुन्हा वर्गात उभे, असे ते चित्र. त्यावर उमेदवारांनी रोष व्यक्त केला, तो समजण्यासारखा होता.

लोकांनी आपापल्या वाटाही काढल्या. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा उघडली आणि तिला ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ असे नाव दिले. गोटुल ही गोंड समाजातील तरुणांची पूर्वापार संस्था. शिकण्याचे काम गावाकडे होतेच, शाळा नंतर आली, असे जणू त्या नावातून गावाने सांगितले. शिक्षण खात्याने मान्यतेचा प्रश्न उपस्थित केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. भामरागड तालुक्यातच लोकबिरादरी प्रकल्पाने नेलगुंडा या आतल्या गावी साधना विद्यालय सुरू केले. तेथे मुलांना गाव सोडून वसतिगृहात राहावे लागत नाही. १९७६ साली मुले गोळा करून एका ठिकाणी आणावी लागली होती, हे आठवले म्हणजे या बदलाचा अर्थ कळतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांतही हे घडले आहे. सिरोंचा तालुक्यातील असरअल्ली येथील शिक्षक खुर्शीद शेख यांना २०२१ साली राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. एटापल्ली तालुक्यातील जाजावंडीचे मांतय्या चिन्नी बेडके यांना तो २०२४ साली मिळाला. जाजावंडीला बेडके गुरुजी रुजू झाले तेव्हा पटावर अवघी आठ मुले होती. ती संख्या पुढे सव्वाशेच्या वर गेली. आठ ही संख्या शाळा बंद करण्यास पुरेशी असते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याजवळचे दुसऱ्या शिक्षकाला द्यावे ही रीत केंद्र संमेलनाच्या सतरंजीवर बसलेल्या अनाम गुरुजींनीही पाळली होती, फक्त त्यांच्याजवळ देण्यासारखी असे ती शब्दांची वही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण केली पाहिजे. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या गुरुजींनाही पुन्हा पुस्तके उघडणे भाग पडले. भामरागडच्या बाजूला आता जो जुना गुरुजी या परीक्षेची तयारी करीत असेल त्याला बहुधा त्याचाच एखादा माजी विद्यार्थी, डी.एड. होऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला, नमुना प्रश्नपत्रिका आणून देत असेल. त्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, गणित, बालमानसशास्त्र हे सारे विषय आहेत. माडियाचा पेपर नाही.